व्हिडीओ संकलन : दृश्ये निवडण्याचे काम आता यंत्राकडे

प्रतिनिधी

कांद्याचे भाव कोसळले की ‘यंदा कांद्याने शेतकऱ्याला रडवले’ हे वाक्य हमखास लिहिले जाते आणि मराठी वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हेच वाक्य एखाद्या व्हिडीओच्या निवेदनात आले आणि त्यावर दृश्य निवडण्याचे काम संगणकावर सोपवले, तर पडद्यावर स्वयंपाकघरात उभी राहून कांदा चिरता चिरता डोळे पुसणारी एखादी परदेशी गृहिणी अवतरण्याची शक्यता बरीच असते. यंत्राने नियम मोडला, असे म्हणता येत नाही. वाक्यात कांदा आहे, रडणे आहे आणि दृश्यातही दोन्ही आहेत. नाही तो फक्त शेतकरी आणि त्याचा बुडालेला हंगाम.

निवेदनाला साजेशी तयार दृश्ये शोधून ती योग्य जागी बसवण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे देण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत झपाट्याने रूढ झाली आहे. यूट्यूबवर वाहिनी चालवणारे, शिकवण्यांचे धडे तयार करणारे, छोट्या व्यवसायाची जाहिरात घरीच करणारे आणि वृत्तसंस्थळांचे संपादकीय विभागही ती वापरतात. पूर्वी ज्या कामात दिवस जात असे ते काही मिनिटांत होते, हे खरे आहे. हे काम नेमके कसे चालते आणि कोठे फसते, याची माहिती मात्र मराठीत फारशी उपलब्ध नाही.

‘बी-रोल’चे मूळ

अशा पूरक दृश्यांना संकलकांच्या भाषेत ‘बी-रोल’ म्हणतात. फितीचे संकलन प्रत्यक्ष कापून आणि जोडून होत असे त्या काळातला हा शब्द आहे. १६ मिलिमीटरची मूळ फीत दोन रिळांत विभागली जाई. पहिल्या रिळात एक दृश्य, मग पुढच्या दृश्याच्या लांबीइतकी काळी पट्टी, पुन्हा दृश्य. दुसऱ्या रिळात बरोबर याच्या उलट. प्रत छापताना दोन्ही रिळे एकाच फितीवर एकापाठोपाठ उतरवली की जोड दिसत नसे आणि एका दृश्यातून दुसऱ्यात अलगद विरघळत जाता येई. पुढे दूरचित्रवाणीच्या बातमीदारीत या शब्दांचा अर्थ बदलला. बोलणाऱ्या व्यक्तीचे मुख्य चित्रीकरण ते ‘ए-रोल’ आणि त्याच्या आवाजावर लावायची इतर दृश्ये ती ‘बी-रोल’.

या दृश्यांचे काम केवळ शोभेचे नसते. मुलाखत देणारा अडखळला आणि मधले वाक्य कापले, तर चित्रात झटका बसतो, तो झाकावा लागतो. धरणातील साठा किती घटला, हे आकड्यापेक्षा उघडे पडलेले पात्र लवकर सांगते. कधी प्रेक्षकाला नुसता श्वास घ्यायला जागा हवी असते. आणि कधी दृश्य हाच पुरावा असतो. या शेवटच्या प्रकारात यंत्राला मोकळीक देणे सर्वांत धोक्याचे आहे.

स्वतः चित्रित केलेले नसेल तर दृश्य संग्रहातून विकत घेतले जाते. ते ‘स्टॉक फूटेज’. ही कल्पना नवी नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनकडील वृत्तचित्रांचा उपयोग माहितीपट करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे केला आहे. इंटरनेटने या संग्रहांचा बाजार केला. गेटी इमेजेसची स्थापना १९९५ची, शटरस्टॉकची २००३ची. शटरस्टॉकने व्हिडीओ विकण्यास २००६ मध्ये सुरुवात केली आणि त्याच वर्षी सुरू झालेला पाँड-५ हा संग्रह २०२२ मध्ये विकतही घेतला. पेक्सेल्स आणि पिक्साबे या विनामूल्य दृश्ये देणाऱ्या संस्थळांची मालकी २०१९पासून कॅनव्हाकडे आहे. दृश्यांची संख्या लाखांच्या आणि कोटींच्या घरात गेल्यावर खरा प्रश्न उभा राहिला तो शोधण्याचा.

यंत्र दृश्य कसे शोधते?

जुनी पद्धत शब्दांवर चालत असे. दृश्य संग्रहात टाकणारा छायाचित्रकार त्याला ‘पाऊस, छत्री, रस्ता, संध्याकाळ’ असे खुणेचे शब्द जोडी. शोधणाऱ्याने नेमका तोच शब्द टाइप केला तर दृश्य सापडे, नाहीतर नाही. विक्री वाढावी म्हणून असंबद्ध शब्द जोडणारेही कमी नव्हते.

जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआय या कंपनीने ‘क्लिप’ नावाचे प्रारूप जाहीर केले आणि शोधाची रीत पालटली. इंटरनेटवरून गोळा केलेल्या ४० कोटी प्रतिमा आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्यांवर हे प्रारूप शिकवलेले होते. त्याचे काम सोप्या शब्दांत असे सांगता येईल : प्रत्येक प्रतिमेचे रूपांतर आकड्यांच्या एका लांब यादीत करायचे (या प्रारूपाच्या एका प्रचलित आवृत्तीत ही यादी ५१२ आकड्यांची आहे) आणि प्रत्येक वाक्याचेही तशाच यादीत. परस्परांशी जुळणारे वाक्य आणि प्रतिमा यांच्या याद्या जवळजवळ याव्यात, न जुळणाऱ्यांच्या दूर जाव्यात, एवढेच ते शिकते. नकाशावर पुणे आणि सातारा जवळ दिसावेत, नागपूर लांब, तसे काहीसे. फक्त हा नकाशा दोन नव्हे, शेकडो मितींचा असतो. व्हिडीओच्या बाबतीत ठरावीक अंतराने काही चौकटी उचलून त्यांच्या याद्या साठवून ठेवतात. मग ‘पावसात भिजणारे मूल’ असे लिहिले की कोणीही खुणेचे शब्द जोडलेले नसले तरी तसे दृश्य वर येते.

संकलनाच्या साधनात याच्या अलीकडे आणि पलीकडे आणखी टप्पे जोडलेले असतात. प्रथम निवेदनाचा आवाज ऐकून प्रत्येक शब्द कोणत्या क्षणी उच्चारला गेला, याच्या नोंदीसह मजकूर तयार होतो. ओपनएआयचे सप्टेंबर २०२२ मधील ‘व्हिस्पर’ हे प्रारूप ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेले असून ते मराठीही ओळखते, मात्र इंग्रजीइतक्या अचूकपणे नाही. त्यानंतर भाषेचे मोठे प्रारूप मजकुराचे तुकडे पाडते आणि कोणत्या तुकड्यावर कोणते दृश्य शोधायचे हे ठरवते. शोध होतो, सापडलेल्यांपैकी पहिल्या क्रमांकाचे दृश्य तीन ते पाच सेकंदांत कापले जाते आणि टाइमलाइनवर आवाजाच्या वर बसवले जाते.

पिक्टरी, डिस्क्रिप्ट, मुंबईत सुरुवात झालेली इनव्हिडिओ अशी अनेक साधने थोड्याफार फरकाने याच वाटेने जातात. काहींना संहिता द्यावी लागते, काही ती स्वतःच लिहून, यांत्रिक आवाजात वाचूनही देतात. ॲडोबीच्या प्रीमियर प्रो या व्यावसायिक आज्ञावलीत एप्रिल २०२५ पासून आलेली सोय वेगळी आहे. ती बाहेरच्या संग्रहात नव्हे, तर संकलकाच्या स्वतःच्या चित्रीकरणात साध्या वाक्याने शोध घेऊ देते. अनेक तासांच्या चित्रीकरणातून ‘बैलगाडी, लांबून’ एवढे सांगून तुकडा काढता येणे ही, या प्रतिनिधीच्या मते, साऱ्या खटाटोपातील सर्वांत उपयुक्त गोष्ट आहे. दुर्दैवाने तिचा गाजावाजा सर्वांत कमी झाला.

‘लालपरी’ आणि ‘काळा घोडा’

मराठी निवेदन घेऊन या साधनांकडे जाणाऱ्याची अडचण दुहेरी असते. पहिली अडचण भाषेची. संग्रहांतील खुणेचे शब्द प्रामुख्याने इंग्रजी, चित्र ओळखणारी प्रारूपेही बव्हंशी इंग्रजी मजकुरावर शिकलेली. त्यामुळे मराठी वाक्य आधी इंग्रजीत जाते आणि मग शोध होतो. या प्रवासात वाच्यार्थ तरतो, लक्ष्यार्थ बुडतो. ‘लालपरी पुन्हा रस्त्यावर’ यातील परी ही राज्य परिवहनाची बस आहे, हे भाषांतराने हेरले नाही तर पंख लावलेली मुलगी येणार. ‘काळा घोडा परिसरातील वाहतूक’ या वाक्यावर खरोखरीचा घोडा येऊ शकतो. ‘बाजार पडला’, ‘पाण्यासाठी वणवण’, ‘सरकारला घाम फुटला’ ही वृत्तपत्रांची रोजची वाक्ये, आणि त्यांपैकी प्रत्येक वाक्य यंत्रासाठी सापळा आहे. भाषेची नवी प्रारूपे वाक्प्रचार बऱ्यापैकी ओळखू लागली आहेत, हे नमूद केले पाहिजे. पण ती नेमकी कोठे अडखळतील, याचा आधी अंदाज बांधता येत नाही.

नकाराचेही तसेच. क्लिपच्या जातीच्या प्रारूपांना ‘नाही’ हा शब्द फारसा कळत नाही, हे संशोधकांनी दाखवून दिलेले आहे. ‘रस्त्यावर एकही वाहन नाही’ असे शोधले की रस्ता आणि वाहन हे दोन शब्द जोर धरतात आणि भरभरून वाहतूक दिसते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. शोध कितीही चांगला असला तरी जे संग्रहात नाही ते सापडणार कोठून? ‘शेतकरी’ म्हटले की या संग्रहांत प्रशस्त सपाट शेते आणि अवजड यंत्रे यांची रेलचेल. भारतीय दृश्य हवे म्हटले तर वाराणसीचे घाट, ताजमहाल, राजस्थानचे उंट आणि मुंबईची लोकल ही ठरलेली यादी पुढे येते. सोलापूरच्या शिवारातील ज्वारीची काढणी, कोकणातील भाजावळ, विदर्भातील कापूस संकलन केंद्रापुढची बैलगाड्यांची रांग अशी दृश्ये मिळाली तर नशीब. यंत्र मात्र रिकामा हात कधीच दाखवत नाही. जवळात जवळचे जे असेल ते पुढे करते आणि ते ‘जवळचे’ पुष्कळदा दुसऱ्याच खंडातील असते. साधन वापरणारा घाईत असतो. मग मराठवाड्याच्या दुष्काळावर आफ्रिकेतील भेगाळलेली जमीन लागते आणि प्रेक्षकाला ते उमगले नाही तरी काहीतरी परके वाटत राहते.

यावर उपाय साधा आहे आणि त्याला कोणतेही नवे साधन लागत नाही. निवेदन जसेच्या तसे यंत्राला देऊ नये. प्रत्येक वाक्यासमोर कोणते दृश्य हवे ते दिसणाऱ्या वस्तूंच्या भाषेत, शक्यतो इंग्रजीतच, स्वतः लिहावे. ‘कांद्याने रडवले’ यासमोर ‘बाजार समितीच्या आवारात लाल कांद्याचा ढीग, ट्रॅक्टर-ट्रॉलीची रांग, वृद्ध शेतकरी, कडक ऊन’ असे. भावना नको, वस्तू हव्यात. तीन मिनिटांच्या व्हिडीओसाठी अशी वीस-पंचवीस टिपणे पुरतात. आणि ज्या वाक्यात गावाचे नाव आहे, त्यावर संग्रहातील दृश्य लावूच नये. लासलगाव म्हटले की लासलगावच दिसले पाहिजे, नाहीतर आलेख किंवा नकाशा लावावा.

गाव एक, दृश्य भलत्याच गावचे

गावाच्या नावाचा हा आग्रह अवाजवी वाटत असेल तर तीन घटना आठवाव्यात. तिन्हींत दृश्ये यंत्राने निवडलेली नव्हती. माणसांनीच निवडली होती, आणि तीही अनुभवी माणसांनी. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिंगणात असलेल्या मार्को रुबियो यांच्या प्रचारफितीत अमेरिकेतील नव्या सकाळीची भाषा होती आणि आरंभीचे शहर निघाले कॅनडातील व्हँकुव्हर. दृश्य स्टॉक फूटेजचे होते. बंदर, इमारती, पहाटेचा प्रकाश, सारे वर्णन जुळत होते. बोटीवरचा कॅनडाचा झेंडा तेवढा कोणी पाहिला नाही.

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने सप्टेंबर २०११ मध्ये दाखवलेल्या गद्दाफी आणि आयआरए यांच्यावरील माहितीपटात १९८८ सालचे हेलिकॉप्टरवरील हल्ल्याचे चित्रीकरण म्हणून जो तुकडा लागला तो ‘आर्मा-२’ या संगणकीय खेळातला होता. प्रसारण नियामक ऑफकॉमने पुढील वर्षी वाहिनीला नियमभंगासाठी दोषी धरले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एबीसी न्यूजने सीरियातील तुर्की हल्ला म्हणून जे दृश्य दाखवले, ते केंटकी राज्यातील एका बंदूक मैदानावरील रात्रीच्या प्रात्यक्षिकाशी जुळणारे असल्याचे निदर्शनास आले. वाहिनीला ते मागे घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली.

ज्या कसोटीवर ही दृश्ये निवडली गेली ती कसोटी एकच होती, वर्णनाशी साम्य. कृत्रिम बुद्धिमत्तेला दुसरी कसोटी माहीतच नाही. आकड्यांच्या दोन याद्या किती जवळ आहेत, एवढेच ती मोजते. दृश्य कधीचे, कोठले, कोणी घेतलेले, हे त्या आकड्यांत नसते. ते संग्रहाच्या नोंदपत्रात असते आणि नोंदपत्र वाचणे हे अजून तरी संकलकाचेच काम आहे.

मराठी वृत्तपत्रांत छायाचित्राखाली ‘संग्रहित’ किंवा ‘प्रातिनिधिक’ असे छापण्याचा प्रघात जुना आहे. तो शब्द व्हिडीओच्या कोपऱ्यात लावायला काहीच खर्च येत नाही. तरीही तो क्वचित दिसतो, याचे आश्चर्य वाटते.

चेहरा कोणाचा?

ठिकाणाइतकाच नाजूक प्रश्न माणसांचा. स्टॉक फूटेजमध्ये दिसणारी व्यक्ती खरी असते. तिने एका कागदावर सही करून चित्रीकरणाला संमती दिलेली असते. या संमतीपत्राशिवायच्या दृश्यांवर बहुधा ‘केवळ संपादकीय वापरासाठी’ असा शिक्का असतो. अशी दृश्ये बातमीत चालतात, जाहिरातीत नाहीत. आणि संमती असली तरी तिला मर्यादा असते. व्यक्तीची बदनामी होईल किंवा तिला एखादा आजार, व्यसन अथवा गुन्हा चिकटेल असा वापर बहुतेक परवाने एकतर नाकारतात किंवा ‘ही व्यक्ती केवळ मॉडेल आहे’ अशी टीप सक्तीची करतात. विनामूल्य संग्रहही याला अपवाद नाहीत.

यंत्र निवेदनातील ‘कर्जबाजारी’, ‘मनोरुग्ण’, ‘संशयित’ अशा शब्दांवर बिनदिक्कत कोणाचा तरी चेहरा बसवते. न्यूयॉर्क राज्याच्या एका सरकारी विभागाने २०१३ मध्ये एचआयव्हीबाधितांच्या हक्कांविषयीच्या जाहिरातीत संग्रहातून घेतलेले एका तरुणीचे छायाचित्र वापरले होते. तिला ती बाधा नव्हती आणि अशा वापराला तिची संमतीही नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले. अशा वाक्यांवर पाठमोरी आकृती, हात, सावली, रिकामी खुर्ची निवडावी, हा जाणत्या संकलकांचा शिरस्ता आहे. शोधाच्या टिपणात ‘चेहरा दिसत नाही’ असे लिहून भागत नाही, नकाराची अडचण वर आलीच आहे. ‘पाठमोरी व्यक्ती’ असे लिहावे.

‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दाचाही अनेकांना चकवा होतो. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरल्यावर प्रत्येक वापरासाठी पुन्हा मानधन द्यावे लागत नाही, इतकाच तो आहे. किती प्रेक्षकांपर्यंत, कोणत्या माध्यमात, हे परवान्याच्या प्रकारावर ठरते. मासिक वर्गणी भरून वापरलेल्या साधनातील दृश्ये वर्गणी संपल्यावर नव्या व्हिडीओत चालतात का, हे प्रत्येक ठिकाणी निराळे आहे.

शोधण्याऐवजी निर्मिती

आता तर साधने दृश्य सापडले नाही की ते तयारच करून देतात. शब्दांवरून व्हिडीओ निर्माण करणारी ओपनएआयची सोरा आणि गुगलची वीओ ही प्रारूपे २०२४ मध्ये जाहीर झाली. निर्मित प्रतिमा संग्रहांतही शिरल्या आहेत. गेटीने सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना दार बंद केले, तर ॲडोबी स्टॉकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खूण लावण्याच्या अटीवर ते उघडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातील युद्धाच्या निर्मित प्रतिमा या संग्रहात विकल्या जात असल्याचे आणि काही संस्थळांनी त्या तशी सूचना न देता वापरल्याचे उघड झाले. म्हणजे खऱ्या दृश्यासाठी केलेल्या शोधातही निर्मित दृश्य हाती येऊ शकते. बहुतेक संग्रहांत ते वगळण्याची गाळणी असते. ती आधी लावावी.

अवकाशयान किंवा शरीरातील पेशी दाखवायला निर्मित दृश्य वापरण्यास कोणाचीच हरकत नसावी. पूर, दंगल, सभा, अपघात यांसाठी ते वापरणे म्हणजे खोटा साक्षीदार उभा करणे होय. यूट्यूबने मार्च २०२४ पासून खऱ्यासारख्या भासणाऱ्या निर्मित दृश्यांची कबुली देणे निर्मात्यांना बंधनकारक केले. भारतात माहिती तंत्रज्ञान नियमांत फेब्रुवारी २०२६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा मजकुरावर ठळक खूण आवश्यक केली आहे. रंगदुरुस्ती किंवा कापाकापी यांसारखे नेहमीचे संकलन तीतून वगळलेले आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात. भारतात दूरचित्रवाणीचा वेग सेकंदाला २५ चौकटींचा, अमेरिकी संग्रहांतील दृश्ये २४ किंवा ३० चौकटींच्या आसपासची. मिसळली की कॅमेरा फिरताना चित्र हिसके घेते. स्वतःचे चित्रीकरण ज्या वेगाचे, त्याच वेगाची दृश्ये गाळून घ्यावीत. रंग जुळवण्याचे काम यंत्रे अजून ओबडधोबड करतात. परदेशी दृश्याचा निळसर प्रकाश आपल्या उन्हाशेजारी लगेच वेगळा पडतो.

यूट्यूबवर दृश्यासोबतच्या संगीतामुळे किंवा त्याच दृश्यावर दुसऱ्याने हक्क सांगितल्यामुळे ‘कंटेंट आयडी’ची हरकत येऊ शकते. त्या वेळी परवाना दाखवावा लागतो आणि यंत्राने बसवलेल्या चाळीस दृश्यांपैकी हे कोठले, हे आठवत नाही. म्हणून प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच एक तक्ता ठेवावा : दृश्याचा क्रमांक, संग्रह, घेतल्याची तारीख, परवान्याचा प्रकार, चित्रीकरणाचे ठिकाण, व्यक्तीची संमती आहे की नाही, दृश्य निर्मित आहे की खरे. ठिकाणाचा रकाना रिकामा राहत असेल, तर ते दृश्य गावाचे किंवा घटनेचे नाव असलेल्या वाक्यावरून काढून टाकावे.